चौथी पिढी, सहावी पिढी: एका नॉर्मन घराण्याची वंशावळ लावताना

नॉर्मन सरदारांची वंशावळ लावायला बसलेला माणूस बहुधा 1066 पासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. हेस्टिंग्जची लढाई, ती जिंकून इंग्लंडचा राजा झालेला नॉर्मंडीचा जेता विल्यम, त्याच्याबरोबर आलेले सरदार, आणि तिथून खाली आजपर्यंत एक रेघ. असं वरून खाली येताना प्रत्येक पिढीला ‘हाच मुलगा असणार’ असा अंदाज बांधावा लागतो. वॉरेन घराण्याचं काम हातात घेतलं ते 1347 पासून. त्या वर्षी या घराण्याचा शेवटचा अर्ल (इंग्लंडमधल्या बड्या सरदाराचा किताब), जॉन, औरस वारसाशिवाय वारला. तिथून एकेक पिढी मागे सरकायचं आणि कागद संपला की थांबायचं.

आधी मांडणीचं सांगतो, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. प्रत्येक माणसाला नव्हे, प्रत्येक कागदाला एक कार्ड करायचं. कार्डावर मूळ कागद आहे की नक्कल, नक्कल असेल तर कोणत्या शतकातली, कागद लवकरात लवकर कधीचा आणि उशिरात उशिरा कधीचा, जमीन कुठली, नात्याचा मूळ लॅटिन शब्द जसाच्या तसा, आणि साक्षीदार ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने. माणसांचा तक्ता शेवटी. वंशावळीचं सॉफ्टवेअर पहिल्या दिवशी उघडलं, तर ते लगेच ‘वडील कोण’ म्हणून विचारतं आणि चौकट रिकामी दिसली की हात शिवशिवतात. साध्या एक्सेलमध्ये शंभर-दीडशे कार्डं होईपर्यंत झाड काढूच नये.

1347 ते 1148 हा टप्पा त्यातल्या त्यात सोपा. तेराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये राजाकडून जमीन धरणारा सरदार वारला की त्या त्या परगण्यात चौकशी बसायची: जमीन किती, कोणाकडून धरलेली, वारस कोण, त्याचं वय काय. वयांवर मात्र फार विसंबू नये. ‘तीस वर्षे व अधिक’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ‘सज्ञान आहे’ एवढाच. त्याआधी 1185 ची एक यादी आहे, राजाच्या ताब्यातल्या विधवांची आणि अज्ञान वारसांची. तीत बायकांची वयं आणि मुलांची संख्या येते, आणि बाराव्या शतकात बाईचं वय दुसरीकडे कुठे सापडत नाही. त्याच्या आधी 1166 मध्ये सरदारांनी राजाला दिलेली उत्तरं: पदरी किती शिलेदार, त्यांतले राजा पहिला हेन्री 1135 मध्ये वारला त्याआधीचे किती आणि नंतरचे किती. त्याच्याही आधी 1130 ची खजिन्याची गुंडाळी. बस, एवढ्या चार पायऱ्या.

1148 ला पहिली गाठ लागते. तिसरा अर्ल विल्यम दुसऱ्या क्रूसेडमध्ये (ख्रिस्ती धर्मयुद्धात) मारला गेला. मागे एकच मुलगी, इझाबेल. तिचं पहिलं लग्न स्टीफन राजाच्या मुलाशी. तो 1159 मध्ये वारल्यावर दुसरं लग्न हॅमलिनशी, म्हणजे राजा दुसऱ्या हेन्रीच्या अनौरस सावत्र भावाशी. हॅमलिनने वॉरेन हे नाव लावलं, इस्टेट घेतली, यॉर्कशरमध्ये कॉनिसब्रोचा तो गोल बुरूज बांधला. आपल्याकडच्या भाषेत घरजावई. म्हणजे 1148 नंतरचे सगळे वॉरेन मुलीकडून वॉरेन, पुरुषपरंपरेने आंजूच्या काउंटचे वंशज. तक्त्यात इथे रेघेचा रंग बदलावा. हे न करणारे तक्ते ‘वॉरेन रक्त 1347 पर्यंत अखंड’ असं बिनधास्त दाखवतात. आणि आज ज्याचं आडनाव वॉरेन आहे तो या घराण्यातला, हेही खरं नाही. सशांच्या राखीव रानाला इंग्रजीत तोच शब्द आहे, आणि अशा रानाजवळ राहणाऱ्यांना, तिथे काम करणाऱ्यांनाही ते नाव चिकटलेलं आहे.

मग डूम्सडे. 1086 ची ही जमीनपाहणी नॉर्मन वंशावळीचा कणा. दोन खंड, एसेक्स, नॉरफक आणि सफक हे तीन परगणे धाकट्या खंडात, आणि तिथला तपशील मोठ्या खंडापेक्षा जास्त. प्रत्येक परगण्यात आधी राजा, मग चर्चवाले, मग सरदार, क्रमांक घालून. विल्यम द वॉरेन 13 परगण्यांत आहे. त्याच्यापर्यंत पोहोचणं अवघड नाही. अवघड असतात ते त्याच्या खालचे: ‘रॉबर्ट विल्यमकडून धरतो.’ कुठला रॉबर्ट? त्या काळच्या नॉर्मनांत विल्यम, रॉबर्ट, रॉजर, ह्यू, राल्फ या पाच नावांत निम्मा दरबार बसायचा.

इथे उपयोगी पडते ती जमीन. सक्सेसमध्ये हर्स्ट नावाचं गाव वॉरेनकडून एका रॉबर्टकडे होतं. पुढच्या पिढ्यांत तीच जमीन प्येरपाँ नावाचं कुटुंब धरतं, आणि गावाचं नावच हर्स्टपियरपॉइंट होऊन बसलं. प्येरपाँ हे गाव उत्तर-पूर्व नॉर्मंडीत, वॉरेनांच्या मूळ मुलखाच्या पट्ट्यातच. म्हणजे हा रॉबर्ट प्येरपाँचा, आणि वॉरेन ज्या भागातून आले त्याच भागातून त्यांची माणसंही आली. ही पद्धत उलटीही चालते. वॉरेन हे नाव कुठल्या ‘व्हारेन’वरून आलं हे ठरवायला एकट्या नावाचा उपयोग नसतो. दिएपच्या दक्षिणेला व्हारेन नदी आहे, तिच्या काठी त्याच नावाची वाडी आहे, जवळच बेलाँकाँब्रचा वॉरेनांचा किल्ला आहे, आणि इंग्लंडमध्ये त्यांच्याकडून जमीन धरणाऱ्या कुळांची मूळ गावं त्याच टापूत सापडतात. चार पुरावे एका ठिकाणी आले की मग नकाशावर टाचणी टोचायची.

टाचणी चुकल्याची उदाहरणं थोडी नाहीत. केंटमधला ह्यू द माँफोर हा रिस्ल नदीवरच्या माँफोरचा, तर इंग्लंडच्या पार्लमेंटच्या इतिहासात येणारा सिमॉन पॅरिसकडच्या माँफोर-लामोरीचा. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण जोडलेले तक्ते हवे तितके मिळतात. स्कॉटलंडचे ब्रूस कोताँताँमधल्या ब्रीचे, आणि वेल्सच्या सीमेवरचे ब्रेओझ ओर्न भागातल्या ब्रिऊझचे. लॅटिनमध्ये दोन्ही नावं लिहिताना कारकून इतके जवळ येतात की नुसत्या स्पेलिंगवर निर्णय घेणं म्हणजे जुगार. वॉरेनचंही ‘वारेन्ना’ आणि ‘गारेन्ना’ असं दोन्ही दिसतं, कारण नॉर्मंडीत जो व्ह उच्चार टिकला तो पॅरिसकडे ग झाला.

त्यात आडनाव पिढीगणिक बदलतं. आपल्याकडे गावावरून ‘कर’ लागलं की ते गाव सुटलं तरी चिकटून राहतं. अकराव्या शतकातल्या नॉर्मंडीत तसं नव्हतं. व्हिएयचा हम्फ्री, त्याचा मुलगा बोमाँचा रॉजर, त्याचा मुलगा रॉबर्ट म्हणजे मुलाँचा काउंट, आणि रॉबर्टचा भाऊ हेन्री नबूरचा. बाप व्हिएयकर, मुलगा बोमाँकर, नातू मुलाँकर आणि नबूरकर. जो किल्ला हातात तो नावात. नाव शोधत गेलं तर हे चार माणसं चार घराण्यांत पडतात, जमीन शोधत गेलं तर एका घरात येतात.

खाडी ओलांडून नॉर्मंडीत शिरलं की साधनं एकदम आटतात. 1066 आधीच्या नॉर्मंडीचा डूम्सडे नाही. उरतात ती मठांना दिलेली दानपत्रं. फ्रेंच क्रांतीत 1790 च्या सुमारास मठ बंद झाले आणि त्यांची दफ्तरं जिल्हा अभिलेखागारांत गेली. नॉर्मंडीत अशी पाच: रुआँ, एव्ह्रो, काँ, सँ-लो आणि आलाँसाँ. मठांचे कागद ‘एच’ मालिकेत, बिशप आणि कॅथीड्रलचे ‘जी’ मालिकेत. हे फ्रान्सभर सारखं आहे, म्हणून सूची हातात घेतली की सरळ एच उघडायची आणि मठाचं नाव शोधायचं. पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसून काम करणाऱ्यासाठी काँ विद्यापीठाची स्क्रिप्टा ही नॉर्मन दस्तऐवजांची ऑनलाइन सूची फुकट आहे. दहाव्या ते तेराव्या शतकातली दानपत्रं तिथे माणसाच्या आणि गावाच्या नावावर शोधता येतात. शोधताना आधुनिक फ्रेंच नाव घालून थांबू नये, लॅटिन रूपाचे तीन-चार अवतार घालून बघावेत.

सँ-लोला मात्र मोठं भोक आहे. 6 जून 1944 च्या रात्री, दोस्तांचं सैन्य किनाऱ्यावर उतरलं त्याच दिवशी, बॉम्बफेकीत तिथलं अभिलेखागार जळालं. माँ सँ-मिशेलच्या मठाची मूळ दानपत्रं त्यात गेली. मठाची बाराव्या शतकातली नोंदवही वाचली, कारण ती आव्राँशच्या ग्रंथालयात होती. म्हणून या भागातल्या घराण्यांसाठी एकोणिसाव्या शतकात लेओपोल्द दलीलसारख्या अभ्यासकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या नकला हाच आता मूळ कागद. दक्षिण इटलीत गेलेल्या नॉर्मनांचंही तेच. तिथल्या सरदारांच्या बाराव्या शतकातल्या यादीची एकमेव हस्तलिखित प्रत 1943 मध्ये नेपल्सजवळ जाळली गेली, आणि आता छापील आवृत्तीवरच भागवावं लागतं. कार्डावर ‘मूळ नष्ट, नक्कल अमुक शतकातली’ हे लिहायला विसरायचं नाही.

दानपत्रावर तारीख बहुधा नसतेच. ती काढावी लागते साक्षीदारांवरून. समजा एका दानपत्रावर रुआँचा आर्चबिशप मोरिलियस आणि काँच्या सेंट-एत्येन मठाचा प्रमुख म्हणून लाँफ्राँक यांच्या खुणा आहेत, आणि विल्यमला ‘नॉर्मनांचा प्रमुख’ म्हटलंय, राजा नाही. मोरिलियस 1055 ते 1067 आर्चबिशप होता. लाँफ्राँक त्या मठावर 1063 ते 1070. विल्यमचा राज्याभिषेक 1066 च्या नाताळात. तिन्ही पट्ट्या एकावर एक ठेवल्या की 1063 ते 1066 एवढीच फट उरते. आता त्याच पत्रात कोणी आपल्या बायकोच्या आणि ‘मुलांच्या’ संमतीने दान देत असेल, तर 1066 पूर्वी त्याला किमान दोन मुलं होती हे हातात आलं. संमती देणारे कोण, कोणत्या क्रमाने, आणि कोण गैरहजर, हे तिन्ही महत्त्वाचं. थोरला मुलगा एका पत्रात आहे आणि दहा वर्षांनी धाकटाच पहिला येतो, तर थोरला वारला, संन्यासी झाला किंवा बापाशी बिनसलं. तिन्हींपैकी कोणतं, हे त्या एका पत्रावरून ठरवायचं नाही.

तारीख लिहिलेली असली तरी हिशेब संपत नाही. वर्ष कुठे नाताळला सुरू व्हायचं, कुठे 25 मार्चला, कुठे ईस्टरला. फेब्रुवारीतली घटना एका कारकुनाच्या लेखी जुन्या वर्षात पडते, दुसऱ्याच्या नव्या. मठांच्या मृत्युनोंदवह्यांत याच्या उलट गंमत: दिवस आणि महिना पक्का, कारण त्या दिवशी प्रार्थना म्हणायची, पण वर्ष नाही. आपल्याकडे श्राद्धाची तिथी घरात सगळ्यांना पाठ असते आणि साल कुणाला सांगता येत नाही, तसंच.

नक्कल करणाऱ्यांनी घातलेला गोंधळ वेगळा. मूळ पत्रात साक्षीदाराचं नुसतं ‘व्’ असे आद्याक्षर, आणि शंभर वर्षांनी नोंदवहीत उतरवणारा भिक्षू त्याचं ‘विलेल्मुस’ करून टाकतो, कारण त्याच्या काळात विल्यम जास्त. मूळ माणूस वॉल्टर असू शकतो. ‘र’ तर आणखी वाईट: रॉडल्फ, राडल्फ, रानल्फ, रॉबर्ट, रॉजर सगळे त्यात. म्हणून छापील आवृत्तीत नाव तिरप्या अक्षरात किंवा कंसात पूर्ण केलेलं असेल तर ते संपादकाचं, कागदाचं नव्हे.

एकाच नावाच्या पिढ्या ओळीने आल्या की आणखी सावध. वॉल्टर गिफर्ड 1054 च्या मॉर्टमेरच्या लढाईत सेनापती आहे, आणि वॉल्टर गिफर्ड 1164 मध्ये वारतो. कुठल्याही तक्त्यात हा एक माणूस दिसला तर तो सव्वाशे वर्षं जगला असं मानावं लागेल. ते आजोबा, बाप आणि मुलगा असे तिघे आहेत. साधा नियम म्हणून शतकाला तीन ते चार पिढ्या धराव्यात. हिशेब दोनवर आला किंवा पाचवर गेला तर कुठेतरी माणूस गळालाय किंवा दुप्पट झालाय.

नात्याच्या शब्दांपाशी मराठी माणसाला एक फायदा आहे, तो सहसा लक्षात येत नाही. लॅटिनमध्ये काका आणि मामा वेगळे आहेत: ‘पात्रुउस’ आणि ‘अवुंकुलुस’. आत्या ‘आमिता’, मावशी ‘मातेर्तेरा’. इंग्रजी भाषांतरात हे चौघे अंकल आणि आंटीत विरघळतात, आणि बाजू कुठली, बापाची की आईची, हा वंशावळीतला सगळ्यात महत्त्वाचा धागा तिथेच तुटतो. म्हणून भाषांतर वाचून कार्ड भरू नये. शब्दकोश घेऊन लॅटिन ओळ स्वतः बघावी. ‘सोकेर’ म्हणजे सासरा, आणि तो शब्द आपल्या श्वशुराचाच भाऊबंद. ‘फ्रातेर उतेरिनुस’ म्हणजे एका उदरातले, बाप वेगवेगळे. आपल्या ‘सहोदर’मध्ये नेमकं तेवढंच आहे, आपण तो सख्ख्या भावालाही वापरतो ही वेगळी गोष्ट. जेत्या विल्यमचे ओडो आणि रॉबर्ट हे दोघे भाऊ असे आईकडून.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘नेपोस’. मूळ अर्थ नातू, आणि आपला नातू त्याच धातूतून आलाय. पण अकराव्या-बाराव्या शतकात तो पुतण्यालाही लावतात, भाच्यालाही, कधी नुसत्या लहान नातेवाइकाला. एका शब्दाने पिढीत एक घराचा फरक पडतो आणि बाजूही कळत नाही. ‘गेनेर’ बहुधा जावई, पण कधी मेहुणाही. ‘सोरोरियुस’ बहिणीचा नवरा, पण कधी बहिणीचा मुलगा. असा शब्द आला की तक्त्यात रेघ मारायची नाही, शब्दच लिहून ठेवायचा, आणि दुसऱ्या कागदाची वाट बघायची.

बायका सापडतात त्या जमिनीतून. वॉरेनांच्याच घरात बघा. दुसऱ्या विल्यमची बायको व्हेरमाँद्वाची इझाबेल (काही ठिकाणी एलिझाबेथ, नाव तेच), आधी बोमाँच्या रॉबर्टची बायको होती. रॉबर्ट 1118 मध्ये वारला. म्हणजे मुलाँचा वालराँ आणि लीस्टरचा रॉबर्ट हे जुळे, आणि क्रूसेडमध्ये गेलेला तिसरा वॉरेन, हे सहोदर. हे नातं कळलं की स्टीफनच्या काळातले अर्ध्याअधिक राजकीय कागद उलगडतात. मुलीबरोबर दिलेली जमीन, म्हणजे शब्दशः आंदण, पुढे तिच्याच पोटच्या मुलांकडे जाते. एखाद्या घराण्याच्या हातात मुलुखाबाहेरचं एखादं एकटं गाव दिसलं, तर आधी विचारावं की हे कोणाच्या आंदणाचं? बऱ्याचदा नाव हरवलेल्या सुनेचं माहेर तिथे सापडतं.

आता वॉरेनांच्या तक्त्याचा वरचा भाग. पहिला विल्यम 1088 मध्ये वारला. त्याची बायको गुंद्रादा 1085 मध्ये बाळंतपणात गेली. दोघांनी सक्सेसमध्ये लुइस इथे मठ स्थापला, आणि ती तिथेच पुरली. शेकडो वर्षं गुंद्रादा ही जेत्या विल्यमची मुलगी म्हणून तक्त्यांत बसली होती, आजही अनेक ठिकाणी आहे. आधार काय? मठाच्या दानपत्रांतला एक मजकूर, ज्यात जेत्याची राणी मॅटिल्डा हिला वॉरेनच्या बायकोची आई म्हटलंय. अभ्यासकांनी तो नंतर रचलेला ठरवलाय. राजकन्या आपली संस्थापिका होती हे सांगण्यात मठाचा फायदा उघड होता. समकालीनांच्या जवळचा इतिहासकार ऑर्डेरिक विटालिस तिला फक्त फ्लँडर्सच्या गेरबोडची बहीण म्हणतो.

पण खरा निकाल लागतो तो एका मोडलेल्या लग्नाने. चर्चच्या तेव्हाच्या नियमाने सातव्या पिढीपर्यंत रक्ताचं नातं असेल तर लग्न निषिद्ध होतं; 1215 मध्ये ती मर्यादा चारवर आणली. आपल्याकडे मिताक्षरेचं सापिंड्य बापाकडून सात आणि आईकडून पाच, तसाच मामला. पहिल्या हेन्रीला आपली एक अनौरस मुलगी गुंद्रादाच्या मुलाला, दुसऱ्या विल्यम द वॉरेनला द्यायची होती. कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने पत्र लिहून नाही म्हटलं: एका बाजूने चौथी पिढी, दुसऱ्या बाजूने सहावी. गुंद्रादा जर जेत्याची मुलगी असती, तर नवरा आणि नवरी दोघेही जेत्याची नातवंडं, म्हणजे दुसरी पिढी, सख्खी आते-मामे भावंडं. समोर दुसरी पिढी उभी असताना चौथी-सहावी मोजत बसणारा आर्चबिशप कोणी कल्पू शकत नाही. एका वाक्यात गुंद्रादा राजघराण्यातून बाहेर.

आणि तेच वाक्य दुसरीकडे दार उघडतं. मुलीच्या बाजूने सहा पिढ्या मोजा: मुलगी, हेन्री, जेता विल्यम, त्याचा बाप रॉबर्ट, त्याचा बाप दुसरा रिचर्ड, त्याची आई गुनोर. सहा झाले. म्हणजे समान पूर्वज गुनोरचे आईबाप. वॉरेनच्या बाजूने चार: दुसरा विल्यम, पहिला विल्यम, त्याची आई, आणि तिची आई किंवा बाप, गुनोरचं भावंड. तोरिन्यीचा रॉबर्ट या इतिहास लिहिणाऱ्या भिक्षूने 1139 च्या सुमारास लिहिलंय की विल्यम द वॉरेनची आई गुनोरची भाची होती. चार आणि सहा तंतोतंत जुळले. असा क्षण वंशावळीत क्वचित येतो.

म्हणून लगेच रेघ पक्की करायची नाही. हाच रॉबर्ट मंगमरीच्या घराण्याबद्दल लिहितो की रॉजरचा बाप ह्यू होता. आणि रॉजरचं स्वतःचं, त्रोआर्नच्या मठाला दिलेलं दानपत्र सांगतं की त्याच्या बापाचंही नाव रॉजरच. मुलाला बापाचं नाव माहीत असणार, शंभर वर्षांनी लिहिणाऱ्या भिक्षूला नाही. तसंच तोरिन्यीचा रॉबर्ट पहिला विल्यम द वॉरेन आणि मॉर्टमेरचा रॉजर यांना सख्खे भाऊ म्हणतो, तर ऑर्डेरिक नुसतं रक्ताचे नातेवाईक म्हणतो. वर काळही ताणलेला: गुनोर 1031 मध्ये म्हातारपणी वारली, आणि पहिला विल्यम 1054 मध्ये तरुण होता. भाचीचा मुलगा एवढा लहान असणं शक्य आहे, पण जेमतेम.

गुनोरच्या भाच्यांची ही यादी मुळात कोणी आणि का ठेवली, हे विचारलं की बरंच उलगडतं. शार्त्रचा बिशप ईव्हो यानेही हेन्रीच्या दुसऱ्या एका मुलीचं लग्न अडवायला पिढ्या मोजून पत्र पाठवलं होतं: गुनोरची बहीण सेनफ्रिया, तिची मुलगी जोसेलिना, तिचा मुलगा मंगमरीचा रॉजर, त्याची मुलगी मेबल, तिचा मुलगा ह्यू. सोयरिकी अडवायला आणि सोडवायला या याद्या लागत होत्या. वतनाच्या भांडणात आपल्याकडे करीने लिहिले गेले, त्यांत जशी पिढ्यांची नावं मिळतात, तसेच हे. भांडणासाठी लिहिलेली वंशावळ समोरच्या पक्षाला तपासता येईल इतपत खरी असावी लागते, म्हणून ती मठाच्या कौतुकपर इतिहासापेक्षा मी वर ठेवतो. रॉबर्टची यादी मात्र भांडणातली नाही. तेव्हा तिथे एक पायरी खाली.

वॉरेनांच्या बाजूला अजून एक अडचण आहे. रुआँच्या होली ट्रिनिटी मठाच्या नोंदवहीत रॉडल्फ द वॉरेन येतो, 1050 च्या दशकात बेआट्रिक्स या बायकोबरोबर. नंतरच्या व्यवहारांत, 1074 पर्यंत, रॉडल्फ द वॉरेन आणि बायको एम्मा. एक माणूस, दोन लग्नं? की बाप रॉडल्फ आणि मुलगा रॉडल्फ? दोन्ही मतं अभ्यासकांत आहेत. एकच माणूस धरला तर गुनोरची भाची बेआट्रिक्स ठरू शकते आणि अन्सेल्मचे चार बसतात. दोन धरले तर काळाचा ताण सुटतो, पण मग बेआट्रिक्स विल्यमची आजी होते आणि चारचे पाच होतात.

झगमगाटी साधनांबद्दल थोडक्यात. फालेझच्या किल्ल्यात 1931 मध्ये लावलेल्या ब्राँझच्या पाटीवर जेत्याच्या 315 साथीदारांची नावं आहेत. दीव्हच्या चर्चच्या भिंतीवर 1862 मध्ये कोरलेली यादी त्याहून लांब. लढाईच्या जवळच्या काळातल्या पुराव्याने हेस्टिंग्जला होते असं सिद्ध होणारे मात्र डझन-दोन डझनच. विल्यम द वॉरेन त्यांत आहे, कारण त्या काळचा इतिहासकार प्वातियेचा विल्यम याने त्याचं नाव घेतलंय. बाकी पाटीवरचं नाव तक्त्यात घ्यायचं नाही. तसंच 1066 सालच्या सरदाराशेजारी ढालीवरचं चिन्ह काढलेलं दिसलं की पान उलटावं. वंशपरंपरागत चिन्हं बाराव्या शतकाच्या दुसऱ्या पावापासून सुरू होतात. वॉरेनांच्या ढालीवरचा निळा-सोनेरी चौकटींचा पट हा इझाबेल व्हेरमाँद्वाच्या माहेरून आलेला मानतात; तिच्या पहिल्या घरचा मुलगा वालराँ याच्या मोहरेवरही चौकटीच आहेत.

सध्या तक्ता असा उभा आहे. 1347 ते 1148 पूर्ण रेघा, फक्त हॅमलिनपाशी रंग वेगळा. 1148 ते 1088 पूर्ण. गुंद्रादाच्या वर गेरबोडची बहीण एवढंच, आईबापाच्या चौकटी कोऱ्या. पहिल्या विल्यमच्या वर रॉडल्फ, पूर्ण रेघ. एम्मा, तुटक रेघ. बेआट्रिक्स पेन्सिलीने दोन जागी, एकदा आई म्हणून आणि एकदा आजी म्हणून. गुनोरच्या बहिणीपर्यंतच्या रेघेवर शाई नाही, शेजारी ‘4 / 6, अन्सेल्म’ एवढं टिपलेलं.